न मोजलेली हवा

गाडीतला पिवळा दिवा लागला तेव्हा मी आधी मिस्त्रीला दोषी ठरवलं आणि कारण नंतर शोधलं. गेली वीस वर्षं मी मुलींना भौतिकशास्त्र शिकवते. प्रयोगाच्या वहीत आधी निष्कर्ष लिहून मग त्याला जुळतील अशी निरीक्षणं भरणाऱ्या मुलींच्या वह्या मी न तपासता परत करते. या बाबतीत माझी वही परत करणारं कुणी नव्हतं. त्यामुळे प्रकरण अडीच महिने चाललं, आणि तेवढ्यात एका माणसाचं हातातलं गिऱ्हाईक माझ्यामुळे तुटलं.

आम्ही काशीत ब्रह्मा घाटाजवळ राहतो. आमच्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाने मागे सरकून कुणाच्या तरी दारात उभं राहायचं असतं, तिथे गाडी कुठली येणार. ती मच्छोदरीच्या बाजूला एका आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. शेजारी धान्याचं गोदाम आहे. घरात गाडी चालवणारी मी एकटी. रोज सारनाथच्या पुढे शाळेपर्यंत जाते. यजमान वैदिक आहेत. महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांचे विधी करतात. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे आलेल्या कुणाला प्रयागला न्यायचं असलं तर तेही काम माझ्याकडे येतं.

मिस्त्रीचं गॅरेज मैदागिनकडून येणाऱ्या रस्त्यावर आहे. गॅरेज म्हणजे एक शटर, पुढची थोडी जागा आणि एक लाकडी बाक. माणूस साठी उलटलेला, काम एकट्याने करतो. तोंडात पान असलं की उत्तरं हुंकारात देतो. बोलायची वेळ आलीच तर उठून नालीपर्यंत जातो, थुंकतो, परत येतो आणि मग बोलतो. एवढे कष्ट घेऊन बोलायचं म्हटल्यावर माणूस बिनकामाचं बोलत नाही. माझ्याकडे स्कूटर होती तेव्हापासून, म्हणजे अठरा वर्षं, मी त्याच्याकडे जाते. आमच्या भागातल्या मराठी घरांना त्याच्याकडे मीच पाठवलं. आठ-नऊ घरांच्या गाड्या त्याच्या हातात होत्या. मला तो मास्टरनीजी म्हणतो.

दिवाळीच्या आधी गाडी त्याच्याकडे सर्व्हिसिंगला दिली. त्याने हवेचा फिल्टर बदलला, इंजिनात हवा सोडणारी झडप उघडून साफ केली, तेल बदललं. दहा दिवसांनी पिवळा दिवा लागला. चौकात थांबलं की गाडी थंडी वाजल्यासारखी थरथरायची. पळायला लागली की ठीक.

मी गाडी घेऊन तडक गेले. दिवाळीला तुम्हीच हात लावला होता, असं बोलण्याची सुरुवातच केली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, मला अॅक्सिलरेटर दाबायला लावला, सोडायला लावला, कान लावून उभा राहिला. मग नालीपर्यंत जाऊन आला.

“हवा ले रही है कहीं से. दो दिन छोड़ दीजिए, ढूँढ़ लेंगे.”

“कहाँ से?”

“वही तो ढूँढ़ना है.”

दोन दिवस माझ्याकडे नव्हते. दुसऱ्या दिवशी नाशिकच्या एका वयस्क जोडप्याला प्रयागला न्यायचं होतं. पण हे खरं अर्धंच कारण. ज्याने झडप उघडली, त्यालाच हवा कुठून शिरते ते माहीत नाही, हे मला पटलं नाही. मला वाटलं, काहीतरी ढिलं बसवलंय आणि आता वेळ काढतोय. मी गाडी परत घेऊन आले.

मग मी स्कॅनर मागवला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी वस्तू असते. स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवायची, मोबाइलला जोडायची, की इंजिनाचा संगणक काय काय मोजतो आणि काय ठरवतो ते पडद्यावर दिसतं. मी तो गाडी दुरुस्त करायला मागवला नव्हता. मला पुरावा हवा होता.

पडद्यावर एक ओळ होती, फ्युएल ट्रिम. तिचा अर्थ शोधायला एक संध्याकाळ गेली. अर्थ अवघड नाही. इंजिनाचा संगणक आत येणारी हवा मोजतो आणि तेवढ्या हवेला किती पेट्रोल लागेल ते ठरवतो. जळून बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेवर एक सेन्सर असतो, तो चव घेऊन सांगतो की पेट्रोल कमी पडलं की जास्त झालं. त्याप्रमाणे संगणक पुढच्या वेळी थोडं वाढवतो किंवा कमी करतो. ही जी वरून केलेली दुरुस्ती, ती ट्रिम. भाजीत अंदाजाने मीठ घातल्यावर चव बघून आपण चिमूटभर घालतो, तसंच. चार-पाच टक्के इकडे तिकडे कुणाचंही होतं. आमच्या गाडीत संगणक उभ्या गाडीला बावीस टक्के जास्त पेट्रोल घालत होता. रोज वरून एवढं मीठ घालावं लागत असेल तर दोनच शक्यता: मिठाचा चमचा गळका आहे, किंवा पातेल्यात कुणीतरी न सांगता भाजी वाढवली आहे.

एवढं कळल्यावर खरं तर पुढचा प्रश्न विचारायचा. मी पडद्याचा फोटो काढला.

आमच्या काशीतल्या मराठी घरांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. त्यावर हळदीकुंकवाची आमंत्रणं येतात, कोण पुण्याला जाणार आणि येताना कोणाचं मेतकूट आणणार ते ठरतं, कुणी गेलं तर तेही तिथेच कळतं. मी क्वचित लिहिते. लिहिते तेव्हा मुद्द्याचं लिहिते, म्हणून लोक वाचतात. मी लिहिलं की सर्व्हिसिंगनंतर आमच्या गाडीचं इंजिन बिघडलं आहे, मिश्रण बावीस टक्के चुकतं आहे, सोबत रीडिंगचा फोटो. तरी या मिस्त्रीकडे गाडी देताना विचार करावा. खाली हात जोडल्याच्या खुणा आल्या. ‘माहितीबद्दल आभार.’ ‘बरं झालं सांगितलंत, माझी परवा द्यायची होती.’

बावीस टक्के हा आकडा खरा होता. त्याच्या शेजारी मी मिस्त्रीला उभं केलं, ते आकड्यात कुठेही नव्हतं. पण फोटो बघितल्यावर कोण एवढं बघतं.

गाडी मी शहराबाहेरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे काचेची खोली होती, थंड पाण्याचं यंत्र होतं, आणि इस्त्रीच्या शर्टातला एक मनुष्य होता. त्याने माझा फोटो पाहिला आणि धुराच्या वाटेवरचा सेन्सर खराब आहे म्हणाला. तो बदलला. दिवा विझला. चौथ्या दिवशी सारनाथच्या अलीकडे परत लागला. स्कॅनर लावला: बावीस. साक्षीदार बदलला होता, घटना तीच राहिली होती. जुना सेन्सर बिचारा खरं सांगत होता, म्हणून त्याला काढलं.

तरीही मिस्त्रीबद्दलचं माझं मत हललं नाही. मत असं सहज हलत नाही. मी स्वतःला सांगितलं की बिघाड खोल आहे.

जानेवारीत एक दिवस शाळेतून येताना भाजी घ्यायला मैदागिनला उतरले. धुकं दुपारीही पूर्ण गेलं नव्हतं. मिस्त्री माकडटोपी घालून बाकावर एकटाच बसला होता. शटरच्या आत एकही गाडी नव्हती. एरवी या वेळेला तिथे दोन तरी असायच्या. मी नजर चुकवून पुढे जाणार होते. तो उठला, नालीपर्यंत गेला. म्हणजे बोलायचं होतं.

“मास्टरनीजी, वो फोटो में क्या लिखा था? लोग पूछते हैं.”

“जो मशीन ने बताया, वही.”

“मशीन ने हमारा नाम भी बताया?”

आवाज चढवला नाही. खरोखर माहिती हवी असल्यासारखं विचारलं. मी काहीतरी पुटपुटले, फ्लॉवरचा गड्डा घेतला आणि घरी आले. प्रश्न बरोबर होता, आणि असा प्रश्न विचारणारी मुलगी वर्गात असती तर मी तिला पहिल्या बाकावर बसवलं असतं.

त्या रविवारी सकाळी मी यजमानांना घेऊन शेडमध्ये गेले. मला आकडे वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. हे धोतर, स्वेटर आणि वर शाल अशा थाटात आले.

“शालीचं टोक आत खोचा,” मी म्हटलं. “पंख्यात गेलं तर तुम्हीही जाल.”

“मी बाहेर उभा राहून वाचतो ना. मला आत कशाला घालतेस?”

यावेळी वही घेतली होती. आधी गाडी नुसती चालू ठेवून आकडे लिहिले. ट्रिमचे आकडे दोन असतात. एक क्षणाक्षणाला बदलणारा, आणि दुसरा संगणकाने बऱ्याच दिवसांच्या अनुभवावरून ठरवून ठेवलेला. ठरवलेला होता अधिक वीस, क्षणाचा अधिक दोन. मग अॅक्सिलरेटर दाबून इंजिन जोरात फिरवलं. दोन्हींची बेरीज बावीसवरून पाचावर आली. पाय काढला, परत बावीस.

हे मी दोन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं. पेट्रोलचा पंप कमकुवत असता तर इंजिन जोरात फिरताना, मागणी वाढल्यावर, तूट वाढली असती. इथे उलट होतं. आमच्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर हवेच्या पाइपात अगदी सुरुवातीला बसवलेला आहे. त्याच्या पुढे कुठे भोक असेल तर तिथून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. इंजिन सावकाश चालताना मुळात हवा थोडी घेतं, त्यात ही चोरवाटेची हवा फार ठरते. जोरात चालताना ती कुठल्या कुठे बुडून जाते. म्हणजे कुठूनतरी हवा शिरत होती. मिस्त्रीने स्कॅनरशिवाय, कान लावून, पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं. मी वहीत ते वाक्य लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

“पुढे?” हे म्हणाले. “पाय गार पडले माझे.”

पुढे रबरी नळ्या. इंजिनाच्या ज्या भागातून हवा सिलिंडरांत वाटली जाते, त्याला तीन-चार नळ्या जोडलेल्या असतात. पकडीला चिंधी गुंडाळून एकेक नळी मुळाशी दाबायची, हवा बंद करायची, आणि आकडा हलतो का बघायचं. पहिली दाबली.

“अधिक दोन,” यांनी संथेच्या सुरात म्हटलं. “अधिक तीन. अधिक दोन.”

“नुसतं सांगा हो, म्हणू नका.”

“सवय आहे.”

दुसरी दाबली. काही नाही. तिसरी इंजिनाच्या मागच्या बाजूला होती, हात वाकडा करून पोहोचायला लागत होतं. ती दाबली आणि थरथर थांबली. कानाला आधी कळलं.

“उणे चार,” हे म्हणाले. “उणे नऊ. उणे पंधरा! अगं, सोड, काहीतरी बिघडलं.”

“बिघडलं नाही. सापडलं.”

चोरवाट बंद झाल्यावर संगणकाला कळलं की आपण सवयीने घालतो तेवढं पेट्रोल आता फार होतंय, म्हणून तो घाईघाईने काढून घेत होता. ठरवलेला आकडा मात्र विसावरच होता. तो इतक्यात उतरत नाही.

इंजिन बंद केलं, गार होऊ दिलं, नळी काढली. वरून धडधाकट. खालच्या बाजूला, वळणावर, काडी जाईल एवढं भोक, कडेला दातांच्या खुणा. मी टॉर्च आत मारला. इंजिनाच्या मागच्या कपारीत गोणपाटाचे धागे, कापसाचे पुंजके, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अशी नीट रचलेली गादी होती. आणि तिच्या आजूबाजूला तांदूळ. काही अर्धवट कुरतडलेले, काही अख्खे. लाल.

“अहो, हे बघा.”

यांनी चष्मा लावला. “अक्षता.”

“गोदामातले तांदूळ नाहीत ना?”

“गोदामातल्या तांदळाला कुंकू कोण लावतं? आपल्याच आहेत या.”

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं, अवजारं, वाहनं पूजतात. आमच्या घरी पुस्तकं, विळी, स्क्रू ड्रायव्हर आणि गाडी. दरवर्षी हे बंद बॉनेटवर स्वस्तिक काढायचे, चार दाणे टाकायचे, हार घालायचे, झालं. यंदा मीच मध्ये बोलले होते.

“मी दरवर्षी वरच्या वर उरकत होतो,” हे म्हणाले. “बॉनेट उघडा कोण म्हणालं?”

“मी.”

“पूजा करायची तर यंत्राची करा, पत्र्याची काय करता, असं कोण म्हणालं?”

“मीच. पण मुठीमुठीने अक्षता कुणी टाकल्या?”

“उघडल्यावर देवता वाढल्या. बॅटरी दिसली, पंखा दिसला, ती पेटी दिसली. कुणाला वगळायचं?”

यांचं म्हणणं त्यांच्या बाजूने बरोबर होतं. हे विधीत कधी काटछाट करत नाहीत, विधी करून घेणारा घाईत असला तरी. आणि माझं म्हणणं माझ्या बाजूने बरोबर होतं. दोन बरोबर म्हणण्यांतून उंदराची सोय झाली. अक्षता नसत्या तर उंदीर आलेच नसते का, हे मला सांगता येत नाही. चार वर्षं गाडी त्याच शेडमध्ये, त्याच गोदामाशेजारी उभी होती आणि नळी शाबूत होती, एवढंच सांगता येतं.

मी नळी पिशवीत घातली, थोड्या अक्षता कागदात बांधल्या.

“मीही येऊ का?” यांनी विचारलं.

“नको. ग्रुपवर तुम्ही लिहिलं नव्हतं.”

मच्छोदरीपासून मैदागिनपर्यंत चालत गेले. रविवारी सकाळी मिस्त्री काम करतो. बाकावर दोघंजण चहा घेत बसले होते, समोर चहावाला होता. मी नळी त्याच्या हातात दिली. त्याने ती फिरवून पाहिली, एका टोकाला तळवा लावून दुसऱ्या टोकाने फुंकली, भोकावर अंगठा ठेवला.

“हुं,” तो म्हणाला, आणि दोन बोटांनी कुरतडल्यासारखं केलं.

“हाँ, चूहा.” मी कागद उघडला. “और ये.”

अक्षता बघून तो उठला आणि नालीपर्यंत जाऊन आला.

“ये चावल हमने देखा था. दिवाली में, फिल्टर खोला तब. पड़ा था इधर-उधर.”

“तो झाड़ा क्यों नहीं?”

“पूजा का चावल कौन झाड़े, मास्टरनीजी? पंडितजी के घर की गाड़ी.”

मग निम्मी चूक तुमची, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. चांगुलपणाने नाही. तो बोलला नसता तर हे मला कधीच कळलं नसतं, आणि आपल्या विरुद्ध जाणारं निरीक्षण त्याने न विचारता समोर ठेवलं होतं. मी अडीच महिन्यांत तसं एकही ठेवलं नव्हतं. मी त्याला सांगितलं की चूक आमच्या घरची होती, आणि मी लिहिलं ते चुकीचं होतं.

“हमसे कहने से क्या होगा?” तो म्हणाला. “जहाँ लिखा था, वहाँ लिखिए.”

मी तिथेच उभ्याने लिहिलं. गाडीचा बिघाड सर्व्हिसिंगमुळे झाला नव्हता. खंडेनवमीला आम्ही इंजिनात टाकलेल्या अक्षतांवर उंदीर आले आणि त्यांनी नळी कुरतडली. मिस्त्रीने पहिल्याच दिवशी खरं कारण सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मी न तपासता त्याचं नाव घेतलं, ते मागे घेते. सोबत नळीचा फोटो. पाठवून त्याला दाखवलं. त्याने मोबाइल हात लांब करून धरला.

“मराठी है. पढ़के सुनाइए, हिंदी में.” आणि मग बाकाकडे वळून, “ज़रा चुप रहिए भाई लोग, मास्टरनीजी पढ़ रही हैं.”

मी वाचलं. चहावाल्याने गाळणं खाली ठेवलं. बाकावरच्या एकाने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “त मैडम, चूहा का भी नाम लिख दिए हैं?”

सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. त्याने मोबाइल मला परत दिला, आत जाऊन एका डब्यातून नळ्या काढल्या, जुनीशी लावून एक निवडली, कापली.

“गाड़ी नहीं लाई हैं न? चलिए, वहीं लगा देते हैं.”

शेडमध्ये येऊन त्याने नळी बसवली, आणि यांच्याकडे बघून विचारलं, “पंडितजी, अब झाड़ दें?” हे म्हणाले, झाडा. त्याने कपारीतलं सगळं एका जुन्या ब्रशने कागदावर घेतलं. अक्षता वेगळ्या केल्या, त्या यांच्या हातात दिल्या. पुढच्या आठ दिवसांत ठरवलेला आकडा विसावरून चौदावर, मग नवावर, मग तिनावर आला. दिवा परत लागला नाही.

ग्रुपवर पुन्हा हात जोडल्याच्या खुणा आल्या. एकाने उंदराचा फोटो मागितला. दोन घरांच्या गाड्या त्याच आठवड्यात मिस्त्रीकडे गेल्या. पण रोज येता-जाता बघत होते, शटरच्या आत पूर्वीसारखी गर्दी होईना. मग मी घरोघर गेले. काहींनी तोवर दुसरं गॅरेज धरलं होतं आणि तिथे बसायला सोय चांगली आहे म्हणाले. काहींनी जातो म्हटलं आणि गेलेही.

शेवटचं घर संकठा घाटावरच्या काकांचं. रेल्वेतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरात, गाडी त्यांच्याहून थोडीच लहान. मुलगा बाहेरगावी असतो, भाड्याने माणूस घेऊन गाडी चालवतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“सूनबाई,” ते म्हणाले, “त्याच्याकडे जा असं तूच सांगितलंस, गेलो. जाऊ नको म्हणालीस, सोडलं. आता परत जा म्हणतेस. मी तुझ्या शब्दावर किती वेळा गाडी फिरवायची?”

“शब्द नका धरू. फोटो बघा नळीचा.”

“फोटो मागच्या वेळीही होता.”

आतून काकू म्हणाल्या, “अहो, जाऊ दे, पोर चालत आलीय एवढी.”

“पोर आहे म्हणूनच सांगतोय.” त्यांनी डोळे उघडले. “ब्रेक खाली जातायत. पुढच्या रविवारी पाठवतो त्याच्याकडे. पण एक. तू तिथे बसायचं. काम होईपर्यंत. गाडी हातात येईस्तोवर उठायचं नाही.”

“मी बसून काय होणार काका? ब्रेकमधलं मला कळत नाही.”

“कळायला नाही सांगत. बसायला सांगतोय.”

तर पुढच्या रविवारी दहा वाजता मी मिस्त्रीच्या बाकावर होते. मांडीवर बारावीच्या मुलींचे पेपर. काकांची गाडी शटरच्या तोंडाशी चाकं काढून उभी. काका काय म्हणाले ते मी मिस्त्रीला सांगितलं होतं, कारण उगाच का बसले आहे असं त्याला वाटायला नको होतं. त्याने ऐकलं, आतून एक स्टूल आणलं, उन्हात ठेवलं.

“बेंच पर ठंड लगेगी. इधर बैठिए. गारंटी धूप में रहे तो अच्छा.”

चहावाल्याने विचारलं, मॅडम आज पुन्हा काही वाचणार का. मी म्हटलं, आज तपासणार.

दोन तास मिस्त्री पान तोंडात ठेवून काम करत राहिला. मी पंधरा पेपर तपासले. साडेबाराला काकांचा फोन आला.

“झालं का?”

“नाही अजून.”

“मग बस.”

फोन ठेवला तेवढ्यात गाडीखालून हुंकार आला. मग मिस्त्री सरकत बाहेर आला, उठला, नालीपर्यंत गेला. ब्रेकच्या तेलातली हवा काढायची होती, आणि त्यासाठी एकाने आत बसून पाय मारावा लागतो. मी पेपरांवर पिशवी ठेवली आणि काकांच्या गाडीत जाऊन बसले. तो परत खाली गेला.

“दबाइए,” खालून आवाज आला. “पकड़े रहिए. अब छोड़िए.”

मी सोडलं.

“फिर दबाइए.”

पेडल आधी पोकळ लागत होतं, हळूहळू पायाखाली घट्ट व्हायला लागलं. मला वाटलं झालं. तसं विचारलं.

“अभी नहीं,” तो खालून म्हणाला. “हम बताएँगे.”

मी पाय तसाच दाबून धरला आणि त्याच्या सांगण्याची वाट पाहत राहिले.